सिस्टरांच्या पेटीचा लिलाव

लिलाव कसा करायचा हे निदान मला तरी कोणी शिकवू नये. माझं आजोळ लासलगावचं. लहानपणी प्रत्येक सुट्टीत मी कांद्याच्या ट्रॉलीवर बसून मामाची बोली ऐकली आहे, आणि पुढे सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात अठरा वर्षं काढली आहेत. म्हणजे रक्त विकणाऱ्याचं आणि नोकरी घेणाऱ्याची. असा माणूस नाशकात दुसरा सापडणार नाही, असं मी भर पालकसभेत सांगितलं, तेव्हा शेजारी बसलेली माझी बायको उज्वला पर्समध्ये तोंड घालून काहीतरी शोधायला लागली. ती काहीही शोधत नव्हती.

सभा होती शाळेच्या वार्षिक स्नेहभोजनाची. आमची आरोही ज्या कॉन्व्हेंटमध्ये नववीला आहे, त्याच शाळेत उज्वलाही शिकली. दर जानेवारीत शाळेच्या पटांगणात जेवण असतं. तिकीट काढून पालक येतात, जुने विद्यार्थी येतात, आणि जेवणानंतर देणगीत आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. यंदा पैसे लागणार होते ते मुलींच्या वसतिगृहाच्या छपरासाठी. पेठ-सुरगाण्याकडच्या चाळीस मुली तिथे राहतात आणि गेल्या पावसात त्या अंथरुणं उचलून वर्गात झोपायला गेल्या होत्या.

"पण आपला लिलाव फारच सभ्य होतो," मुख्याध्यापिका सिस्टर ल्युसिना म्हणाल्या. "मी विचारते, कोणी घेतंय का? सगळे एकमेकांना म्हणतात, तुम्ही घ्या, तुम्ही घ्या. मागच्या वर्षी टेबललॅम्प गेला, त्यात बल्बचेसुद्धा पैसे सुटले नाहीत."

"सिस्टर, माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

उज्वलाने पर्स बंद केली. "अहो, घरच्या गॅसचा नंबर लावायचा राहिलाय आठवडाभर," ती हळूच म्हणाली. पण तोवर टाळ्या पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी वस्तू बघायला शाळेत गेलो. भिंतीवरचं घड्याळ, क्रोशाचे रुमाल, आठवीच्या मुलांनी काढलेलं गोदाघाटाचं चित्र, सिस्टरांनी स्वतः केलेला मोठा प्लम केक. सगळं छान, पण भाव चढेल असं काही दिसेना. मग कोपऱ्यात एक सागवानी पेटी दिसली. गुडघ्याएवढी उंच, चारी बाजूंनी पितळी पट्ट्या, पुढे भलंमोठं कुलूप.

"ही सिस्टर अनुनसिएतांची," सिस्टर ल्युसिना म्हणाल्या. "त्या इथे तीस वर्षं होत्या. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा कोठार साफ करताना ही सापडली. किल्ली नाही. फोडायचा जीव होईना."

मी पेटी हलवली. आत खडखडलं. मग काहीतरी गडगडत एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं. मग अगदी शेवटी, टिंग असा एक बारीक आवाज आला.

त्या टिंगने माझी झोप उडाली. नाणं असेल? पदक? अंगठी? कुलूप काढायला दोन मिनिटं लागली असती. पण मी खरेदीतला माणूस. उघड्या वस्तूला किंमत असते, बंद वस्तूला कल्पना असते, आणि कल्पना महाग विकली जाते.

"ही बंदच विकायची," मी म्हणालो.

"ती फसवणूक नाही का होणार?"

"आत काय आहे ते आम्हालाही माहीत नाही, असं सांगूनच विकू."

सिस्टरांनी थोडा विचार केला. "म्हणजे खरंच बोलायचं आहे. मग चालेल."

खरं बोलायचं एवढंच होतं असं मात्र नाही. भाव चढला नाही तर आपणच समोर बसून दोन-चार बोल्या लावायच्या आणि तीन हजारांच्या आसपास अलगद बाजूला व्हायचं, हे मी मनात ठरवून टाकलं. सिस्टरांना सांगितलं नाही, कारण त्या बिचाऱ्या देवाला घाबरतात. उज्वलाला सांगितलं नाही, कारण मी उज्वलाला घाबरतो.

बोली पुकारायला मी लासलगावहून कारभारीमामांना आणलं. मामांनी बाजार समितीत एकतीस वर्षं कांद्याचा लिलाव पुकारला. निवृत्त झाले, पण आवाज निवृत्त झाला नाही. पांढरी टोपी, इस्त्रीचं धोतर अशा थाटात संध्याकाळी साडेसहाला ते पटांगणात उतरले. जेवणाआधी सिस्टरांनी प्रार्थना म्हटली, तेव्हा मामांनी टोपी काढून छातीशी धरली आणि सगळ्यांच्या नंतर डोळे उघडले. "बरं वाटलं," मला म्हणाले. "आमच्याकडं लिलावाआधी नुसता गोंगाट असतो."

पुलाव, चिकन, पाव आणि कस्टर्ड झालं आणि लिलाव सुरू झाला. शाळेने लोकांना हात वर करायला नंबरांचे पुठ्ठे दिले होते. मामांनी पुठ्ठ्यांकडे बघितलंच नाही. कांद्याचा व्यापारी हात वर करत नाही, तो नुसती भुवई हलवतो किंवा मान. मामा टेबलांमधून फिरायला लागले आणि लोकांच्या डोळ्यांत बघून बोली उचलायला लागले. एका डॉक्टरबाईंनी चष्मा नीट केला, त्यांना घड्याळ लागलं. केकची पाळी आली तेव्हा मामांनी आधी अंगठ्याने केक दाबला.

"माल चांगला हाय," त्यांनी जाहीर केलं. "जरा ओला हाय, पन आतून पक्का."

सिस्टर ल्युसिना लाल झाल्या. पण केक गेला चार हजारांना. लोक पोटभर हसत होते आणि हसणारा माणूस खिशात लवकर हात घालतो. मी उज्वलाकडे ऐटीत बघितलं. ती दुसरीकडेच बघत होती. बहिरूदादांनी, म्हणजे शाळेच्या शिपायांनी, ती सागवानी पेटी उचलून मधल्या टेबलावर ठेवली होती, आणि उज्वला त्या पेटीकडे बघत होती. तिचा चमचा कस्टर्डमध्ये उभा राहिला होता.

मामांनी पेटीभोवती एक फेरी मारली. "मंडळी, हा बंद माल हाय. आत काय ते मला ठावं नाय, सिस्टरबाईंना ठावं नाय. मी जन्मात कधी ट्रॉली उघडल्याशिवाय भाव पुकारला नाय, आज पैल्यांदा पुकारतो. पाचशे."

"हजार," मागून आवाज आला.

बोलणारा रविराज पगार होता. मी त्याला चेहऱ्याने ओळखत होतो. सातपूरलाच त्याचं वर्कशॉप आहे, आमच्या कारखान्याला नट-बोल्ट पुरवतो. हाही या शाळेचा, उज्वलाच्याच वर्गातला. अत्यंत हिशेबी माणूस. चहा पाजतानासुद्धा कटिंग सांगतो.

"दीड," मी म्हणालो.

"तीन," रविराज म्हणाला.

आता खरं तर माझं काम झालं होतं. तीन हजार ठरले होते, तिथे गप्प बसायचं होतं. पण माझ्या मनात किडा वळवळला. पाच रुपयांच्या बोल्टवर आठवडाभर घासाघीस करणारा माणूस बंद पेटीला एका दमात दुप्पट कसा म्हणतो? याला काहीतरी माहीत आहे. आत काय टिंग वाजतंय ते याला माहीत आहे.

"चार," मी म्हणालो.

"पाच."

उज्वलाने माझी बाही धरली. "अहो, पुरे."

"थांब गं," मी म्हणालो. "सहा."

"आठ." रविराज उभा राहिला होता. जानेवारीच्या गारठ्यात तो रुमालाने कपाळ पुसत होता. आता तर माझी खात्रीच झाली. मी नऊ म्हणालो, तो दहा म्हणाला. सगळं पटांगण खुर्च्या वळवून बघायला लागलं. उज्वलाने पुन्हा बाही ओढली, या वेळी जोरात. ती सोडवायला मी हात झटकून वर केला.

"बारा!" मामा ओरडले. "भाच्याचे बारा."

मी काही बारा म्हटलं नव्हतं. पण मामांसमोर हात वर गेला की तो वरच गेला. मी आशेने रविराजकडे बघितलं. तो आता तेरा म्हणेल, मग मी सुटेन. रविराजने माझ्याकडे बघितलं, माझ्या बाहीकडे बघितलं, मग बाही धरणाऱ्या उज्वलाकडे बघितलं. आणि हसून खाली बसला.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "योग्य घरी चालली आहे."

मामांनी तीन आकडे मोजले आणि पेटी माझी झाली. बारा हजारांना. टाळ्या वाजल्या. उज्वला वाजवत नव्हती.

"उघडा, उघडा," लोक म्हणायला लागले. बहिरूदादा पेचकस घेऊन आले, त्यांनी मागच्या बिजागऱ्या काढल्या आणि झाकण उलट्या बाजूने उचललं. पहिला मी वाकलो.

आत गोट्या होत्या. भोवरे, गलोल, पत्त्यांचे दोन कॅट, च्युइंगमबरोबर मिळणारे खेळाडूंचे फोटो, एक पितळी शिट्टी. टिंग वाजणारी बहुतेक तीच. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठोरी बांधलेली आणि त्यावर बारीक, सरळ अक्षरात नाव, वर्ग, तारीख.

सिस्टर ल्युसिनांनी एक चिठोरी वाचली आणि तोंडावर हात ठेवला. "या मुलांकडून जप्त केलेल्या वस्तू आहेत," त्या म्हणाल्या. "सिस्टर अनुनसिएता म्हणायच्या, शाळा सोडताना परत देईन. पण मागायची कोणाची हिंमत झाली नसणार."

त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली. गलोल एका पोलीस निरीक्षकांची निघाली. पत्ते निघाले बँकेच्या शाखाधिकाऱ्यांचे. मघाशी घड्याळ लागलेल्या डॉक्टरबाई उठल्या आणि त्यांच्या नावाने एक वाळून कोळसा झालेला कांदा निघाला. चिठोरीवर लिहिलं होतं, "काखेत ठेवून ताप आणण्यासाठी."

मामांनी तो कांदा हातात घेऊन उजेडात धरला. "उन्हाळी माल दिसतोय," ते आदराने म्हणाले. "आमच्याकडचाच."

माणसं टेबलाभोवती जमली. पन्नाशीचे गृहस्थ आपला भोवरा हातात घेऊन नुसते उभे होते. मग सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. कारण कायद्याने तो भोवरा माझा होता.

"न्या हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? "ज्याचं त्याने न्या."

डॉक्टरबाईंनी कांदा पर्समध्ये ठेवला आणि छपराच्या देणगीपेटीत एक नोट टाकली. त्यांच्यामागे निरीक्षकांनी टाकली. मग रांगच लागली. कोणी सांगितलं नाही, कोणी पुकारलं नाही. सिस्टर ल्युसिना बाजूला उभ्या राहून डोळे पुसत होत्या. नंतर कळलं, त्या रांगेत छपराचे पत्रे, वाहतूक आणि मजुरी, सगळं सुटलं.

पेटी रिकामी झाली. तळाशी एकच कागद उरला, चौघडी घातलेला, वर टाचणी. सिस्टरांनी चिठोरी वाचली. "उज्वला देवरे. नववी ब. मराठीचा तास. वर्गात चिठ्ठी पुढे सरकवताना. वाचलेली नाही."

देवरे म्हणजे माझी सासुरवाडी. मी उज्वलाकडे वळलो, तर रविराज तिच्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

"ती मला येत होती," तो म्हणाला. माझ्याकडे बघून, अगदी सरळ. "मध्येच सिस्टर अनुनसिएतांनी धरली आणि आमच्यादेखत याच पेटीत टाकली. अठ्ठावीस वर्षं झाली, साहेब, त्यात काय लिहिलं होतं ते मला कळलेलं नाही. विचारायची लाज वाटली. मग बदल्या झाल्या, लग्नं झाली. ही पेटी बघितली आणि राहवलं नाही."

मला खरं तर राग यायला हवा होता. पण प्रामाणिकपणे सांगतो, त्या क्षणी मलाही तेवढंच कळून घ्यायचं होतं. त्यात काय लिहिलं होतं?

"तुला आठवतंय?" मी उज्वलाला विचारलं.

"नाही ना," ती म्हणाली. "म्हणून तर घाबरले होते. चौदा वर्षांची मुलगी काय लिहील, काय सांगावं."

तिने टाचणी काढली. कागद उघडला. वाचला, आणि तिच्या खांद्यांना हसू फुटलं. तिने तो रविराजला दिला. तोही हसला, पण जरा हळू, आणि वाचल्यावर त्याने तो लगेच परत दिला नाही. शेवटी माझ्या हातात आला. निळ्या शाईत दोनच ओळी होत्या.

"उद्या डबा आणू नकोस. आई पुरणपोळ्या करणार आहे, तुझ्यासाठी दोन जास्त आणते."

"मग आणल्यास?" मी विचारलं.

"कुठल्या? मला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं होतं."

"आणि मी त्या दिवशी डबा आणला होता," रविराज म्हणाला. "भेंडी होती."

मामांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "शेखर, माल चोख निघाला."

घरी येताना गाडीत मी मनातल्या मनात हिशेब करत होतो. सतरा वर्षांचा संसार झाला आमचा. पुरणपोळी मला फार आवडते, आणि उज्वलाचं ठरलेलं उत्तर असतं की पुरण वाटायला वेळ कोणाला आहे, विकत आणा. मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

पुढच्या रविवारी रविराज आणि त्याची बायको आमच्याकडे जेवायला आले. उज्वलाने सकाळी सहाला उठून पुरण घातलं होतं. पोळ्या अप्रतिम झाल्या होत्या, असं दोघांनीही सांगितलं. मला नक्की सांगता येणार नाही, कारण मी तूप वाढत होतो, आणि मी बसेपर्यंत त्या संपल्या होत्या.