ह्युबर्टकडचा विस्तव

ह्युबर्ट तुस्कानोने खोलीसमोरच्या अंगणात कुऱ्हाडीचा पहिला घाव घातला, तेव्हा घरमालक अबू जासिम कोण दार फोडतंय ते पाहायला धावत आला. त्याच्या एकाच पायात चप्पल होती.

"क्या तोड़ता है?"

"लकड़ी."

"किसका लकड़ी?"

"मेरा. मतलब ऑफिस का. ऑफिस ने फेंका, मैं लाया."

अबू जासिमने खोक्याच्या फळ्या पाहिल्या, त्यांवरची जपानी अक्षरं पाहिली आणि शेवटी ह्युबर्टकडे पाहिलं. "क्यूं?"

"ठंडी," ह्युबर्ट म्हणाला.

हे कारण खरं होतं. बहारीनची थंडी आकड्यांत लहान आणि हाडांत मोठी. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत समुद्रावरून ओला वारा सुटला, तो हूरामधल्या त्या जुन्या घराच्या भिंतीत एसीसाठी पाडलेल्या भोकातून सरळ ह्युबर्टच्या पांघरुणात शिरत होता. विजेचा हीटर लावला की अख्ख्या घराचा फ्यूज उडे. एकदा त्या अंधारात अबू जासिमची बायको खदिजा भाताच्या पातेल्याला अडखळली, आणि तेव्हापासून ह्युबर्टच्या खोलीत हीटर 'मफी', म्हणजे नाहीच, असा झाला. वसईहून बायकोने, मॅगीने, कॅसेट भरून पाठवली होती. तीत ती म्हणत होती, "थंडी? वाळवंटात? उगाच कायतरी नको सांगू."

पण थंडी हे पूर्ण कारण नव्हतं. ह्युबर्टचा खोलीतला सोबती सदानंद व्हिसा संपवून नोव्हेंबरात सावंतवाडीला कायमचा परत गेला होता. त्याची खाट अजून तिथेच होती, आणि ह्युबर्टने अजून तिच्यावर कपडे टाकायला सुरुवात केलेली नव्हती. बाकीचे दिवस बरे जात. सौदीकडे जाणाऱ्या पुलाचं काम चालू होतं, तुबलीच्या वर्कशॉपमध्ये यंत्रांचे सुटे भाग खोक्यांतून येत होते, आणि स्टोअरकीपर म्हणून ह्युबर्टवर दिवसभर कोणी ना कोणी ओरडत असे. प्रश्न शुक्रवारचा होता. सकाळी मिस्सा व्हायचा, माणसं चर्चच्या दारात हात हलवून आपापल्या गाड्यांत बसायची. त्यानंतर ह्युबर्टच्या तोंडून पुढचा शब्द निघायचा तो शनिवारी वर्कशॉपच्या खिडकीत, आणि तोही बहुधा 'नाही' असा असायचा.

अबू जासिमने कुऱ्हाड मागून घेतली. त्याने दणकून घाव घातला. फळी होती तशीच राहिली, फरशीचा टवका उडाला.

"खराब लकड़ी," तो म्हणाला.

"लकड़ी अच्छा है. ऐसे नहीं, रेषा देखो." ह्युबर्टने लहानपणी वसईच्या किनाऱ्यावरची सुरूची लाकडं फोडली होती. त्याने फळी उभी धरली, रेषेवर पातं टेकवलं, हलका ठोका दिला. फळी सरळ दोन झाली. अबू जासिमने 'अरे वा'च्या अर्थाचं काहीतरी अरबीत म्हटलं, आत गेला, आणि एक गंजकी लोखंडी शेगडी घेऊन आला. मग दुसरी चप्पलही घालून आला. तो बसायच्या तयारीने आला होता.

विस्तव बाहेर फुलवून दोघांनी शेगडी आत आणली. अबू जासिम सदानंदच्या खाटेवर बसला. ह्युबर्टने चहा ठेवला. अबू जासिम तरुणपणी मुंबईत मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे होता. भायखळ्याला घोडागाडीवाल्याने आपल्याला कसं फसवलं, ते तो सांगू लागला. ह्युबर्टला भायखळा नीट माहीत नव्हता, तरी तो प्रत्येक वाक्याला "बरोबर" म्हणत होता. खोली उबदार झाली. फक्त एक अडचण होती. खोक्यांची लाकडं ग्रीसमध्ये भिजलेली होती, आणि खोलीत गॅरेजचा वास सुटला.

ह्युबर्टला लाज वाटली. ईदला खदिजाने दिलेली एक छोटी डबी फळीवर होती. आत काळपट लाकडाचे कपचे होते. तेव्हा ह्युबर्टने "ये क्या है?" विचारलं होतं आणि तिने "ऊद" असं सांगितलं होतं. ह्युबर्टला फार आनंद झाला होता. अरबीत आणि मराठीत एकच शब्द! वसईत घरोघर बाळंतिणीच्या खोलीत ऊद घालतात, कोंदट वास आला की निखाऱ्यावर चिमूटभर टाकतात. त्यात समजून घेण्यासारखं काय होतं?

त्याने दोन कपचे निखाऱ्यावर टाकले. "ऊद," तो म्हणाला.

"ऊद," अबू जासिमही म्हणाला. त्याने चहाच्या भांड्याकडे एकदा पाहिलं. मग पुढे वाकून त्याने धूर दाढीत घेतला, बाहीत घेतला, डोक्यावरच्या रुमालाचं टोक त्यावर धरलं. छातीला हात लावून आभार मानले. आणि उठून निघून गेला.

घोडागाडीवाला भायखळ्यालाच राहिला. चहा तेवढ्यात उकळून वर आला.

पुढच्या शुक्रवारी ह्युबर्टने दुप्पट लाकडं फोडली. आवाज ऐकून अबू जासिम आला, सोबत मेहुण्यालाही घेऊन आला. हिंदी माणूस लाकूड कसं कापतो ते मेहुण्याला दाखवायचं होतं. दोघांनी अंगणात उभं राहून दाद दिली आणि खुशीत आत आले. मागल्या वेळी वास सुटल्यावर आपण ऊद उशिरा घातला, म्हणून पाहुणा कंटाळला, असं ह्युबर्टने ठरवलं होतं. म्हणून या वेळी ते टेकले न टेकले तोच त्याने डबी उघडली.

मेहुण्याने अबू जासिमकडे पाहिलं. अबू जासिमने छताकडे पाहिलं. दोघांनी धूर घेतला, आभार मानले आणि गेले. बिस्किटांचा पुडा फोडायचाही राहिला.

शनिवारी ह्युबर्टने हा प्रश्न गुरुप्रसादपुढे ठेवला. गुरुप्रसाद हा वर्कशॉपचा अकाउंटंट, पुण्याचा, आणि कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असे.

"चहा कसला देतोस?"

"लिप्टन."

"चहात काही नाही. कपबशा?"

"दोन आहेत. एकीचा कान गेलाय."

"तेही नसेल. हे बघ ह्युबर्ट, अरबांचं सगळं मानपानावर असतं. तू ऊद किती घालतोस?"

"दोन कपचे. कधी तीन."

"दोन कपचे!" गुरुप्रसादने पेन खाली ठेवलं. "अरे, माणूस तुझ्या घरी येतो आणि तू दोन कपचे टाकतोस? अपमान वाटला असेल त्याला. हात आखडता घेऊ नकोस. मूठभर टाक. आल्या आल्या टाक."

"आल्या आल्याच टाकला काल."

"मग दारातच टाक."

ह्युबर्टला हे पटलं. पुढच्या शुक्रवारी अबू जासिम मेहुण्याला आणि शेजारच्या रोटीवाल्याला घेऊन अंगण ओलांडून येत होता. ह्युबर्ट शेगडी उंबऱ्यापर्यंत घेऊन सामोरा गेला आणि त्यांच्यासमोर त्याने मूठभर ऊद निखाऱ्यांवर सोडला. धुराचा लोट तिघांच्या छातीपर्यंत आला. अख्खी गल्ली दरवळली.

तिघे थांबले. रोटीवाल्याने चप्पल काढायला उचललेला पाय पुन्हा खाली ठेवला. अबू जासिमने धूर मुळीच घेतला नाही.

"ह्युबर्ट," तो हळू आवाजात म्हणाला, "हम से कुछ गलती हुआ?"

"नहीं, नहीं! आओ, बैठो! और डालूं?"

"बस," अबू जासिम म्हणाला. "खलास." आणि तिघे आल्या वाटेने परत गेले.

त्यानंतरच्या शुक्रवारी कोणीच आलं नाही. ह्युबर्टने मिस्सा संपल्या संपल्या कुऱ्हाड हातात घेतली. हलक्या ठोक्याने दुभंगणारी फळी त्याने उगाच दणके घालून फोडली, म्हणजे आवाज भिंतीपलीकडे जाईल. खोकी संपली तेव्हा फोडलेले तुकडे पुन्हा फोडले. काड्यांपेक्षा जरा जाड एवढा त्यांचा आकार उरला. अंगणात हिवाळाभर पुरेल एवढा ढीग झाला. तक्रार करायलासुद्धा कोणी आलं नाही. संध्याकाळी त्याने शेगडी पेटवली, सदानंदच्या खाटेसमोर ठेवली आणि खाटेकडे तोंड करून बसला. थोड्या वेळाने, खाटेवर कोणी नाही हे माहीत असूनही, त्याने विचारलं, "चहा घेणार?"

आठवड्याच्या मधेच खदिजाने पडद्याआडून हाक मारली. "ह्युबर्ट! आज खाना इधर. अबू जासिम बोला."

अबू जासिमच्या मनातली अढी काढायची ही संधी आहे, एवढं ह्युबर्टला कळलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. बैठकीत मेहुणा होता, रोटीवाला होता, आणखी दोन-तीन दाढ्या होत्या. सगळे अदबीने वागत होते आणि कोणी फारसं बोलत नव्हतं. जेवण झालं, कॉफी झाली. मग अबू जासिम स्वतः धुपाटणं घेऊन आला. ऊद! ह्युबर्टचा चेहरा उजळला. राग गेला होता तर. त्याने शर्टाच्या दोन्ही बाह्यांत धूर भरून घेतला, मनापासून "शुक्रन" म्हणाला आणि मांडी घट्ट केली.

बाकीचे उठले. एकेकजण सलाम करून निघाला. ह्युबर्टने प्रत्येकाला बसल्या जागेवरून हात हलवला. शेवटी बैठकीत दोघेच उरले. अबू जासिम थोडा वेळ बसला, मग आत जाऊन धुपाटणं पुन्हा भरून आणलं. ह्युबर्ट भारावून गेला. एवढा मान त्याला कोणी दिला नव्हता. त्याने पुन्हा धूर घेतला आणि मागच्या तक्क्याला टेकला.

"वो भायखला का क्या हुआ?" त्याने विचारलं. "घोडागाडीवाला?"

अबू जासिम धुपाटणं हातात धरून त्याच्याकडे पाहत राहिला. पडद्याआडून खदिजा अरबीत काहीतरी म्हणाली.

"ह्युबर्ट," अबू जासिमने विचारलं, "तुम्हारे मुलुक में ऊद कब देता है?"

"जब बास आता है. नहीं तो बच्चे को नहाने के बाद."

"और मेहमान को?"

"मेहमान आया, तो अच्छा लगने को."

अबू जासिम मटकन खाली बसला. "हमारे इधर ऊद आया, मतलब बैठना खलास. अब घर जाओ. इज्जत से बोलता है, मुंह से नहीं बोलता." मग त्याचे खांदे हलू लागले. "तुम लकड़ी काटता है, हमको बुलाता है, आग जलाता है, फिर चाय के पहले बोलता है, यल्ला, जाओ! आखिर में तो दरवाजे पर बोला!"

पडद्याआड खदिजाचं हसू आवरेना. ह्युबर्ट मात्र हसला नाही. सगळे शुक्रवार त्याच्या डोळ्यांपुढून गेले. मग एकाएकी आपण अजून मांडी घालून बसलो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो ताडकन उठून घरी पळाला.

शुक्रवारी त्याने थोडीच लाकडं फोडली, हलक्या हाताने. ढीग पडलेलाच होता, पण न फोडता वाट बघणं त्याला जमेना. अबू जासिम आला, मेहुणा आला, रोटीवाला गरम रोट्या घेऊन आला. आपला सल्ला कितपत लागू पडला ते पाहायला गुरुप्रसादही आला. ह्युबर्टने त्याला काही सांगितलं नव्हतं. त्या सल्ल्याबद्दल ह्युबर्टला अजून राग होता.

ग्रीसचा धूर खोलीत भरला. मेहुण्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. रोटीवाला खोकत होता. कोणी उठत नव्हतं. घोडागाडीवाला शेवटी भायखळ्याहून हलला आणि लांबच्या रस्त्याने बोरीबंदरकडे निघाला.

"अरे ह्युबर्ट, काय हा वास!" गुरुप्रसाद म्हणाला. "मी सांगितलं होतं ना, मानपान!" आणि त्याने फळीवरची डबी उचलून झाकण उघडलं.

ह्युबर्टने झेप घेतली. त्याचा गुडघा शेगडीला लागला, पण डबी त्याने हिसकावली आणि पाठीमागे धरली. आतले कपचे खडखड वाजले. खोलीतल्या सगळ्यांनी तो आवाज ऐकला. घोडागाडी थांबली.

"ऊद है?" अबू जासिमने विचारलं.

"मफी," ह्युबर्ट म्हणाला. "सब खलास."

अबू जासिमने त्याच्या पाठीमागे गेलेल्या हाताकडे पाहिलं आणि पाय वर घेऊन खाटेवर नीट मांडी घातली. मग कान तुटलेला कप पुढे केला.

"तो फिर चाय डालो."