धवल्यांचा अर्ज

सुप्रियाने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस नेल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. या वेळी तिने सासूबाईंचे धवले मनावर घेतले होते. सासूबाई म्हणजे आनंदीबाई, गावच्या धवलारीण, लग्न लावताना धवले म्हणजे विधीची गाणी गाणाऱ्या. खालापूरच्या त्या अंगाला त्यांनी धवले गायल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नसे. हे धवले सरकारच्या वारसा यादीत जायलाच हवेत, असं सुप्रियाने ठरवलं. अर्जाला गावकऱ्यांच्या सह्या आणि धवल्यांचं चित्रण जोडायचं होतं. मुदत सोमवारची, आणि गावात नेमकं महिनाभर एकही लग्न नव्हतं.

सह्या दोन दिवसांत झाल्या. घोडं अडलं ते सासूबाईंपाशी.

"नवरा-नवरीबिगर धवले म्हनत नाय मी," त्या म्हणाल्या. "देवांना बोलवायचं आन् लगीन कुनाचं दाखवायचं?"

सुप्रियाने तरुण मंडळाच्या नाटकातल्या अक्षय आणि रूपालीला मुंडावळ्या बांधून बसवलं. आनंदीबाईंनी शांतपणे सांगितलं की धवले झाले म्हणजे लग्न लागलं, मागाहून नाटक होतं म्हणता येणार नाही. रूपालीचे वडील चहा अर्धा टाकून धावत आले आणि तिला घेऊन गेले. अक्षय मात्र मुंडावळ्यांसकट बराच वेळ बसून राहिला.

मग तिने शेजारच्या विलास-ललिताला आणलं. बारा वर्षांचा संसार, म्हणजे धोका नाही.

"यांचं मीच लावलंय गं," आनंदीबाई म्हणाल्या. "परत लावलं तं पयलं खोटं पडंल."

विलासचा चेहरा क्षणभर उजळला, म्हणून ललितानेच त्याला दंडाला धरून घरी नेलं.

रविवारी सुप्रियाने सह्या केलेल्या सगळ्या बायकांना अंगणात जमवलं. लग्न झालंय पण धवले झाले नाहीत, असं जोडपं गावात आहे तरी का, असं तिने विचारलं. सगळ्या तिच्याचकडे बघत होत्या.

तिचं आणि स्वप्नीलचं लग्न तीन वर्षांपूर्वी रजिस्टर पद्धतीने, अर्ध्या तासात उरकलं होतं. गावभर धवले गाणाऱ्या आईने त्या दिवशी पोटच्या पोरासाठी नुसती सही केली होती. सुप्रियाला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आज मात्र फार वाईट वाटलं.

स्वप्नील अर्ध्या चड्डीवर मोटरसायकल धूत होता. त्याला तसाच पाटावर आणून बसवला. ललिताने हळद आणली, विलासने आंब्याचे टहाळे बांधले, अक्षयने जड मनाने मुंडावळ्या परत केल्या आणि मोबाइल धरून उभा राहिला. आनंदीबाईंचा आवाज पहिल्या ओळीला कापला, मग असा लागला की सुप्रियाला रडू आवरेना. चित्रण उत्तम झालं.

सोमवारी 'अर्जदाराचा या परंपरेशी संबंध' या रकान्यात तिने 'नवरी' असं लिहिलं आणि शेवटच्या सहीसाठी अर्ज सासूबाईंपुढे ठेवला. आनंदीबाईंनी सावकाश सही केली, कागद उलटसुलट करून पाहिला.

"मला पाळनं पन येतात," त्या म्हणाल्या. "त्याचा अर्ज कवा भरायचा?"