आर्डिसची भट्टी आणि कोर्टाचा फॉर्म

एखाद्याच्या खिशात त्याच्या नकळत पैसे घालायचे असतील, तर आख्ख्या मिनेसोटात मला विचारा. जानेवारीत शेजारच्या आर्डिसची घर ऊबदार ठेवणारी तळघरातली भट्टी बंद पडली. थंडी एवढी, की किटलीतून ओतलेली कॉफी कपात खडा होऊन पडायची. बाई घरात दोन कोट घालून बसे, पण कुणाकडून एक डॉलर घेईल तर शपथ.

त्यातच मला ज्युरीत बसायचं बोलावणं आलं. लेक-जावई कामावर गेले की तीन वर्षांची नात, मारेन तिचं नाव, माझ्याकडे असते. कोर्टापायी मूल दुसऱ्याकडे ठेवावं लागलं, तर दिवसाला चाळीस डॉलर कोर्ट भरून देतं; सांभाळणाऱ्यानं पैसे मिळाल्याची सही करायची, बस्स. मारेनला मी आर्डिसकडे सोडलं. खटला चार दिवस चालला. एकशेसाठ डॉलर! भट्टीला तेवढेच हवे होते.

शुक्रवारी मी नोटा आणि फॉर्म पुढे केला.

"शेजारच्या पोरीला दूध-बिस्कीट दिल्याचे पैसे?" आर्डिस म्हणाली. "चर्चमध्ये तोंड कुठं दाखवू?"

आमच्याकडे तीनदा नको म्हणायची रीत आहे, म्हणून मी चौथ्यांदा विचारलं. तिनं नोटा माझ्या टोपीत कोंबल्या, वर केक बांधून दिला.

"अगं, कोर्ट भरून देतं."

"म्हणून न घेतलेल्या पैशांची कोर्टापुढे खोटी सही करू?"

"आर्डिस, गारठून मरशील."

तिनं नोटा परत घेतल्या आणि पेन मागितलं.

तिनं भरलेला फॉर्म मी खुशीत न वाचताच कोर्टात दिला. कारकून डेल्विननं चष्मा वर केला.

"आजोबा, मुलाचं वय शहात्तर लिहिलंय."

बघतो तर मारेनच्या नावापुढे पैशांच्या रकान्यात 'काही नाही'. खाली दुसरं मूल, ऑर्लिन. म्हणजे मी. 'रोज दुपारच्या सुट्टीत येतो. सूप गरम करून द्यावं लागतं, मफलर शोधून द्यावा लागतो. सोफ्यावर झोपतो, उठवलं की कुरकुरतो. दिवसाला चाळीस रास्त आहेत.'

मी तिथूनच फोन लावला.

"पोरीचे पैसे घेणं बरं दिसत नाही," आर्डिस म्हणाली. "तुझे घ्यायला कसली लाज? पण कोर्टानं नाकारलं तर नोटा परत, सांगून ठेवते."

"स्वतःचं बघता न येणारं मोठं माणूस असलं तरी चालतं," डेल्विन म्हणाला. "साक्षीदार मात्र लागेल."

माझ्याबरोबरचे ज्युरीतले अकरा जण मागे भत्त्याच्या रांगेतच उभे होते. गोठलेल्या तळ्यावरची मासेमारीची झोपडी कुणी पळवली, यावर आमच्या खटल्यात ही मंडळी एकमेकांचे गळे धरून बसली होती. माझ्यावर एका मिनिटात एकमत झालं.

भट्टी सोमवारी पेटली. फॉर्मवरच्या साक्षीदारांच्या सह्या मी मोजल्या. बारा होत्या. डेल्विननंही केली होती.