शिळं पाणी नेणारे भुजंगराव

आमच्या कॉलनीत नळ आला की पाठोपाठ भुजंगराव येतात. दोन्ही हातांत बादल्या, खांद्यावर पंचा आणि दारातूनच चौकशी, "वैनी, शिळं हाय का?"

नवख्याला वाटेल, म्हातारा भाकरी मागतोय. त्यांना हवं असतं पाणी. लातुरात नळ रोज येत नाही, म्हणून घरोघरी पिंपं भरून ठेवलेली असतात. एरवी थेंबाथेंबाला जपणारी आम्ही माणसं, पण नळ आला की पिंपातलं उरलेलं पाणी 'शिळं' म्हणून सरळ गटारात ओततो. का, ते विचारू नका. आमच्या आयाही ओतायच्या.

"पाणी काय वरण हाय का आंबायला?" भुजंगराव विचारतात. ते हे पाणी गोळा करून कॉलनीच्या बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात ओततात, म्हणजे ते मुरून बोअरला मिळतं. खड्डा त्यांनीच खणून घेतलाय. तळाला दगड, वर खडी, त्यावर वाळू.

त्यांची सगळी नोकरी तेलगिरणीत, सांडपाण्याच्या प्लँटवर गेली. निवृत्त झाल्यावर गिरणीचं सांडपाणी सुटलं आणि ते आमच्या सांडपाण्याच्या मागे लागले. बादलीत बोटं बुडवून चोळून बघतात. "ह्यात साबण हाय. हे बोअरला चालत न्हाई, कर्दळीला टाका." तांदळाचं धुवण कढीपत्त्याला. एकदा माझ्या दाढीच्या मगाकडे त्यांनी असं पाहिलं की मी दाढी वाढवायचा विचार करू लागलो. त्यांच्या घरी गेलात तर अर्धाच पेला मिळेल, वर ताकीद, "लागलं तर पुन्हा मागा, उष्टं ठिवू नका."

मी कॉलनीचा सेक्रेटरी, म्हणजे तक्रारींचा शोषखड्डा. भुजंगराव ओल्या पायांनी स्वयंपाकघरात शिरतात. नळ चालू असताना भाषण देत उभे राहतात. शेवटी मीटिंगमध्ये एकाने सांगून टाकलं, "त्यांचं येणं बंद करा, नाहीतर खड्डा बुजवा. तिथं दोन गाड्या लागतील."

खड्डा बुजवायला माणूस आला तर भुजंगराव त्यात जाऊन बसतील, याची मला खात्री होती. डोकं खाजवून मी तोडगा काढला. प्रत्येक घराच्या मोरीजवळून एक पाईप, सगळे पाईप थेट खड्ड्यात. खड्डा राहील, फेरी थांबेल. सगळे खूश झाले. ही बातमी मी भुजंगरावांना हौसेने सांगायला गेलो.

"उतार बसत न्हाई," ते म्हणाले.

प्लंबरने उतार दाखवला. मग म्हणे लोक साबणाचं पाणी सोडतील. त्यासाठी वेगळं तोंड ठेवलं. मग म्हणे पाईपात पाल मरंल. माझं डोकंच फिरलं.

"काका, तुमचा खड्डा वाचला. पाणी आपोआप येणार. या वयात बादल्या उचलायला नकोत. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

ते पंचाचं टोक पिळू लागले.

"पाणी येईल हो, सर. त्याला कुठं मी न्हाई म्हणून राहिलो? पण मंग मी कुणाच्या दारी जाऊ?"

त्यांची मुलगी दिली लांब तिकडे हिमायतनगरला. बायको जाऊन दोन वर्षं झाली. नळाचा दिवस सोडला तर त्यांच्याशी कुणी बोलत नाही, आणि त्या दिवशीही आम्ही चिडूनच बोलतो. मला फार वाईट वाटलं. पण मीटिंगमध्ये ठरलं होतं, पाईपही येऊन पडले होते.

सगळी घरं जोडली गेली, फक्त आमचं सोडून. मी शाळेत शिकवायला गेलो असताना प्लंबर आला, तर सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, "आमच्याकडं नको" म्हणून त्याला परत पाठवलं. सेक्रेटरीच्याच घराला पाईप नाही. लोकांना काय उत्तर देऊ, म्हणून मी तिच्यावर चिडलो.

परवा नळ आला. थोड्या वेळाने भुजंगराव दारात उभे. या खेपेला आमच्या पिंपात उरलेलं असं काहीच नव्हतं. सुनंदाने नळाखालची भरलेली घागर उचलली आणि त्यांच्या बादलीत रिकामी केली. पाण्याला क्लोरीनचा वास इतका ताजा होता की तो मलाही लांबून आला.

भुजंगरावांनी बादलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"लईच शिळं झालं होतं, वैनी," ते म्हणाले. "बरं केलं दिलं." आणि चहाला बसले.