रंगनाथमामांचं जनावरांचं शूटिंग

कमरेला बैलाचा कासरा बांधून आणि त्याचं दुसरं टोक माझ्या हातात देऊन रंगनाथमामा व्हिडिओ शूटिंग करायचे. लग्नात नव्हे, तिथं ते मोकळे फिरत. कासरा फक्त जनावरांसाठी. पिंजऱ्यातल्या बिबट्यानं मामांना पुढं ओढलंच, तर मी मागं ओढायचं असं आमचं ठरलेलं. गज मनगटाएवढे जाड, त्यांच्या अलीकडं कठडा, कठड्याच्या अलीकडं मामा. "अहो, तो बाहेर येणार कुठून?" असं विचारलं, की म्हणायचे, "भीत न्हाई मी. पर जपायला काय जातंय?"

तेव्हा बेलापुरात केबल नवी होती. तिचा मालक मी, वसुली करणारा मी आणि वायर तुटली की खांबावर चढणाराही मीच. रंगनाथमामा काही माझे सख्खे मामा नव्हेत, ते अख्ख्या गावाचे मामा, आणि गावातली लग्नं कॅसेटवर घेणं हा त्यांचा धंदा. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यानं आपल्या बागेत मोर, हरणं, माकडं आणि एक अजगर असा संसार मांडला होता. त्यातच श्रावणात उसात पकडलेला एक बिबट्या जंगलखात्यानं वरून हुकूम येईपर्यंत तिथं आणून ठेवला. दुसऱ्याच दिवशी मामा माझ्याकडं हजर. "दर रविवारी जनावरांचं शूटिंग करू. संध्याकाळी केबलवर दाखवू. गावाला फुकट करमणूक."

हे कोण बोलत होतं? तर कोंबडी अंगावर आली की ओट्यावर चढणारा माणूस. पाल दिसली म्हणून मामांनी एका वरबापाच्या घरचा चहा अर्धा टाकला होता. गाय, म्हैस, मांजर, सगळ्यांना ते लांबूनच नमस्कार करत. मला वाटलं, म्हाताऱ्याला लागलं खूळ.

पण शूटिंग मोठं बहारीचं व्हायचं. लग्नात एखादी आत्या कॅसेटमध्ये आली नाही, की सात पिढ्या रुसवा राहतो. तोच धडा मामांनी बागेत लावला. प्रत्येक हरणाचा चेहरा आलाच पाहिजे. माकडांना सांगायचे, "दाटी करू नका, पाव्हनं, सगळ्यांचं घेतो." अजगराच्या पिंजऱ्यापुढं मात्र मामांनी दोन्ही डोळे गच्च मिटून कॅमेरा चालवला. त्या रविवारी बेलापूरकरांनी 'येथे थुंकू नये' ही पाटी बराच वेळ बघितली.

बिबट्या नेहमी शेवटी. तिथं मामांचे पाय लटलटायचे, चित्र हलायचं, पण मामा हटायचे नाहीत. गज दिसले पाहिजेत, कडी दिसली पाहिजे, कुलूप दिसलं पाहिजे. कुलपावर तर इतका वेळ थांबायचे की गिऱ्हाईक मला विचारायचं, "काय रे, कुलपाची जाहिरात घेतलीस का?"

शेवटी मी कावलो. कासरा खाली टाकला आणि म्हणालो, "मामा, एवढं भ्या वाटतं तर कशाला मरता?"

मामा कठड्याला टेकले. म्हणाले, "तुझ्या मामीसाठी रं."

कौसामामीची गोष्ट मला ऐकून ठाऊक होती. मामांचं घर गावाबाहेर वस्तीवर, चारी बाजूंनी ऊस. आदल्या वर्षी दिवेलागणीला मामी शेळी घेऊन घरी येत होती. उसातून बिबट्या आला आणि शेळी घेऊन गेला. आवाज नाही, काही नाही. तुटलेलं दावं तेवढं मामीच्या हातात राहिलं. त्या दिवसापासून मामीनं उंबरा ओलांडला नव्हता. पाणी मामा भरायचे, दळण मामा आणायचे. लेकीचं बाळंतपण झालं, तरी मामी गेली नाही. पान हललं तरी म्हणायची, "आला."

"धरला म्हनून सांगितलं, तर म्हनली, दावा," मामा म्हणाले. "आता रविवारची वाट बघती. कुलूप दिसलं की निवांत श्वास घेती. परवा ओसरीच्या पायरीवर येऊन बसली, बाळू. वर्षानं बसली."

त्यानंतर कासरा मी कधी खाली टाकला नाही. मामी आणखी एक पायरी उतरली, की मामा केबलच्या खोलीवर येऊन मला चहा पाजायचे.

दिवाळी झाली, आणि एका रविवारी आम्ही बागेत गेलो तर पिंजरा रिकामा. दार सताड उघडं. मी कासरा गच्च धरला. मामा तर माझ्या मागं येऊन लपले होते. तेवढ्यात माळी आला आणि म्हणाला, "घाबरू नका. जंगलखात्याची गाडी आलती. तिकडं भंडारदऱ्याच्या रानात सोडला त्याला."

"सोडला?" मामांचा चेहरा पांढरा पडला. भंडारदरा कुठं, बेलापूर कुठं. पण मामीच्या कानात 'सोडला' एवढाच शब्द शिरला असता, आणि पुढचं तिनं ऐकलंच नसतं. उतरलेल्या सगळ्या पायऱ्या ती पुन्हा चढून आत गेली असती, आणि या खेपेला बाहेर आलीच नसती.

"जुनी कॅसेट लाव," मामा म्हणाले.

जुन्या कॅसेटी कुठल्या? काटकसरीपायी त्यांच्यावर मामांनी लोकांचे साखरपुडे घेतले होते. शोधून शोधून गणपतीच्या दिवसांतली एक मिळाली. सात वाजता मी ती लावली. मोर, हरणं, माकडं, बिबट्या, कुलूप. सगळं झकास. मामा खुर्चीच्या कडेवर बसून पडद्याकडं बघत होते, आणि बघता बघता एकदम उठले.

"बाळू, चिमनी."

पिंजऱ्याच्या मागं कारखान्याची चिमणी दिसत होती. धूर नाही. गणपतीत कारखाना बंद, धूर असणार कुठून? आणि आता तर गाळप सुरू होऊन आठवडा झाला होता, वस्तीच्या दारातून रात्रंदिवस धूर दिसत होता. जिचा जन्म उसात गेला, तिला हे कळायला किती वेळ लागणार?

मी मामांना लुनावर बसवलं आणि निघालो. रस्त्याला दोन्हीकडून डोक्यापेक्षा उंच ऊस. लुनाचा दिवा तो काय, समोरचा हातभर रस्ता दाखवायचा. भंडारदऱ्याचा भूगोल मला पाठ होता, तरी खोटं कशाला बोलू, माझी मान वळत नव्हती. मागं मामा मला घट्ट धरून, "आत कोंडून घेतलं आसंल. दार न्हाई उघडायची आता," एवढंच पुटपुटत होते.

पाटाच्या पुलाजवळ आलो आणि पुढून आवाज आला. धाड धाड धाड. पत्र्यावर काहीतरी बडवत होतं कुणीतरी. मी लुना थांबवली. अंधारातून एक बाई चालत येत होती. अनवाणी, काखेत परात धरलेली, हातात लाटणं. बिबट्याला हाकलायला उसातले लोक वाजवतात तशी ती परात वाजवत होती, आणि ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता.

"आवं, कुठं हाय तुमी?"

कौसामामी होती. मामा लुनावरून उतरले.

"धूर नव्हता," मामी म्हणाली. "पिंजऱ्यात न्हाई त्यो. त्यो बाहेर, अन् तुमी बी बाहेर. मंग मी आत बसून काय करू?"

"लांब नेलाय गं त्याला. भंडारदऱ्याला."

"मंग सांगायचं न्हाई का?" म्हणाली आणि रडायला लागली. मामांनी तिच्याच पदरानं तिचे डोळे पुसले, मग त्याच पदरानं स्वतःचे.

मी म्हटलं, "चला, दोघांना सोडतो." पण मामांनी मान हलवली. घर अजून बरंच लांब होतं, आणि वाट उसातूनच जाणारी होती. मामा मामीच्या जवळ सरकले, तिचा हात धरला आणि हळूच म्हणाले, "तू म्होरं हो, कौसे. वाजवत चल. मला लई भ्या वाटतंय."