तिसऱ्या तारेची फत्ते आणि खिडकीजवळचा मुलूख

श्रोतेजनांचे सेवेसी विदित व्हावे, की ज्या मोहिमेत रक्ताचा थेंब सांडला नाही, परंतु चहा वारंवार निवाला, तिचे वर्तमान दरोबस्त लिहून ठेविले पाहिजे, नाहीतर पुढील पिढ्या स्वस्तात गाणे ऐकतील आणि बिघडतील.

राजश्री दंतवैद्यसाहेब, दिवसभर लोकांच्या दाढा कोरण्याची घरघर ऐकणारे, यांचे चित्ती ठसले की जितके मोल तितका मधुर स्वर. मग खजिना रिता करून कमरेएवढे दोन स्पीकर आणिले, आणि त्यांस तख्त पाहिजे म्हणोन दिवाणखान्यातील खिडकीजवळचा मुलूख जप्त केला. तो मुलूख बाईसाहेबांचे शिवणयंत्राचा. यंत्र, कापडाचे गठ्ठे आणि जुना गालिचा मागील अरुंद गॅलरीत हद्दपार जाहला. तेथे दुपारनंतर सुईचे नेढे दिसेना, हातची कामे परत जाऊ लागली, आणि बाईसाहेबांचा जीव तुटू लागला. अर्ज केला, तो हुकूम आला की कलेसाठी थोडी कळ सोसावी.

परंतु उघड्याबोडक्या दिवाणखान्यात गाणे रिकाम्या हंड्यात बोलल्यासारखे घुमू लागले. साहेबांनी दोष स्पीकर जोडणाऱ्या तारेस दिला आणि महाग तार आणिली, मग तिजहून महाग आणिली, आणि घुमणे तसूभर न हटले तरी, फरक आहे, कान पाहिजेत, ऐसे जाहीर केले. बाईसाहेबांचे बंधू, केस कापण्याचे दुकान चालविणारे, आपला स्वस्त रेडिओ काखोटीस मारून आले आणि बोलिले, "दाजी, गाणं यातही हेच लागतं." साहेबांनी त्यांस बहिरे ठरवून बोलणी मोडिली.

मग साहेब तिसरे तारेच्या स्वारीस बाजारी रवाना जाहले. इकडे बाईसाहेबांस एका वसतिगृहाचे पडद्यांचे काम आले होते, ते हातचे जाऊ देणे नाही ऐसा मनाचा हिय्या करून त्यांनी बंधूंचे कुमकीने यंत्र खिडकीशी आणिले, गालिचा अंथरिला आणि गठ्ठे भिंतीलगत छातीएवढे रचिले.

साहेब परतले, बंड पाहून डोळे वटारिले, परंतु आधी तार मग कजिया ऐसे ठरवून तार जोडिली. गाणे लागले आणि घुमणे नाहीसे जाहले. साहेबांचे नेत्री पाणी आले. बंधूंनी भिंतीकडे पाहिले, गठ्ठ्यांकडे पाहिले, आणि "दाजी, अहो ते कापड..." इतके उच्चारिले, तोच बाईसाहेबांनी त्यांचे पायावर पाय दिला.

"तारच चांगली आहे हो," त्या म्हणाल्या. "महाग असणार."

तेसमयी साहेबांनी फर्मान काढिले, की तारेने दिवाणखाना सुरात आणिला असे, सबब येथील कोणतीही चीज, शिवणयंत्रासुद्धा, कोणी जागची हलवू नये.

येणेप्रमाणे तिसरे तारेची फत्ते जाहली आणि मोलावाचून स्वर नाही हे सिद्ध जाहले. यंत्राची खडखड गाण्यावर चढू लागली, परंतु फर्मान खुद्द साहेबांचे, त्यांनी निमूट आवाज वाढविला. वसतिगृहाचे पडदे रवाना होताच बाईसाहेबांनी नव्या कामाचे गठ्ठे त्याच जागी छातीएवढे रचून ठेविले.