टीचरांनी वडा खाल्ला

दर रविवारी सकाळी सात वाजता आमच्या शेजारच्या जसिंता टीचर घरातल्या सगळ्यांची तोंडं हुंगतात. अगदी नाक जवळ नेऊन. "उघड. हा कर. कॉफी?" कॉफी सापडली की शिक्षा नाही, ओरडा नाही, फक्त एक लांबलचक "अय्यो" येतो, आणि तो माणसाला दिवसभर पुरतो. एका रविवारी मी विरजण मागायला गेले, तर माझंही तोंड उघडायला लावलं.

"टीचर, मी हिंदू आहे," मी म्हटलं.

"ठाव आहे गे सुगुणा. हातासरशी बघितलं."

त्याचं कारण असं. आठच्या पूसैला, म्हणजे मिस्साला, फादर नन्मै देतात. नन्मै म्हणजे ती पातळ पांढरी चकती. टीचरांच्या लेखी तो साक्षात येशू. ती घेण्याआधी तासभर पोटात पाण्याखेरीज काही जाता कामा नये. फादर सांगतात, तास नन्मैपासून मागे मोजा. टीचर मोजतात पूसैच्या घंटेपासून. "देवाशी घासाघीस करायची नाही," म्हणतात. मला हे पटतं. आमच्याकडेही नैवेद्याआधी आमटीची चव घ्यायची नाही. मीठ कमी पडलं तर देव बोलत नाही, नवरा बोलतो.

टीचर रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्या पायांना कोणी दिलेली नाही. एका जागी बसणं माहीत नाही. बोलता बोलता आमच्या कुंड्या फिरवून ठेवतील, आमच्याच घराचं फाटक आम्हाला नीट लावून दाखवतील, रस्त्यावरच्या ऑटोवाल्याला "लुंगी खाली सोड" म्हणतील. अर्ध्या तंजावुरानं त्यांच्यापुढे पाढे म्हटले आहेत, त्यामुळे ऑटोवाला सोडतोही. आमच्या सासूबाईंबरोबर तांदूळ निवडता निवडता त्या आमची तंजावुरी मराठी शिकल्या. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे कौतुकानं हसतात. टीचरांची ऐकली की पाणी मागतात.

आणि मुलगा अरुळ. एकुलता एक. लहानपणी पूसैत फादरच्या मागे घंटी वाजवायचा. त्यानं कविताशी लग्न केलं ते रजिस्ट्रारच्या ऑफिसात. कविता हिंदू, गुणाची पोर, टीचरांचा तिच्यावर जीव. पण चर्चमधलं लग्न "करू, करू" म्हणता म्हणता राहून गेलं आणि नियमाप्रमाणे अरुळची नन्मै बंद झाली. तेव्हापासून तो रविवारी सगळ्यांना चर्चच्या दारात सोडतो आणि समोरच्या टपरीवर चहा पीत उभा राहतो. टीचर आत गुडघ्यांवर, मान मात्र दाराकडे.

यंदा नातीची, रोसीची, पहिली नन्मै ठरली आणि टीचरांनी घर डोक्यावर घेतलं. पांढरा झगा तीनदा शिवला, दोनदा उसवला. सरावासाठी अप्पळाचे, म्हणजे पापडाचे, गोल तुकडे रोसीच्या जिभेवर ठेवले. "चावू नको! येशूस चावतात काय?" आणि जो भेटेल त्याला, अगदी मासेवालीलासुद्धा, एकच सांगणं: "मी रोसीच्या पाठी उभी राहणार. ती घेईल, मग मी."

रोसीची मात्र एक अट होती. त्या दिवशी घरच्यांनी पहिल्या बाकावर बसायचं असतं, तिथे तिचा अप्पा, म्हणजे अरुळ, हवा.

"नको," अरुळ म्हणाला. "नन्मैला सगळा बाक उठून जाणार आणि मी एकटा बसून राहणार. कविता हिंदू, तिच्याकडे कोणी बघणार नाही. माझ्याकडे सगळं चर्च बघेल. मी बाहेर थांबतो."

टीचरांनी उठून एकेक कुंडी दोनदोनदा फिरवून ठेवली. मला त्याचीच धास्ती वाटली.

त्या रविवारी मी मेजवानीचे वडे तळत होते. पूसैला थोडाच वेळ उरला होता. रेशमी साडी नेसून टीचर मागच्या दारानं आल्या आणि चुलीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून चुलीपर्यंत फेऱ्या घालू लागल्या. मला वाटलं, वडे पुरतील की नाही याची चिंता. तेवढ्यात त्यांनी ताटातला एक गरम वडा उचलला, फुंकर घातली आणि खाल्ला.

"टीचर!" माझ्या हातातला झारा तसाच राहिला. "पूसै आहे!"

"ठाव आहे."

"आणि नन्मै? रोसीच्या पाठी?"

"मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

मी धीर द्यायला गेले. आज प्रवचन लांबेल, फादरच्या हिशेबानं तास भरेलही, म्हटलं. टीचरांनी क्षणभर विचार केला आणि दुसरा वडा उचलला.

मग तशाच तेलकट हातानं त्या आपल्या अंगणात गेल्या, मी खिडकीतून बघत राहिले. अरुळ स्कूटर पुसत होता. "मी खाऊन बसले," त्या त्याला म्हणाल्या. "मला आज नन्मै नाही. बाकावर एकटी बसू काय? सोबतीस ये."

अरुळनं आईच्या ओठांवरचं तेल पाहिलं. हातातलं फडकं स्कूटरवर टाकलं. मग आत जाऊन शर्ट बदलून आला.

टीचरांनी मलाही घरच्यांबरोबर पहिल्या बाकावर बसवलं होतं. नन्मैची वेळ झाली. रोसी उठली, पाहुणे उठले, सगळी रांग पुढे सरकली. बाकावर राहिलो आम्ही चौघं: कविता, मी, टीचर आणि अरुळ. मागून कोणीतरी टीचरांचा खांदा हलवला, "उठा ना!"

"वडे खाल्ले!" टीचर वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या.

सगळं चर्च वळून त्यांच्याकडे बघू लागलं. जसिंता टीचर, आणि वडे! अरुळकडे बघायला कोणाला सवडच राहिली नाही.

पुढे रोसीनं तोंड उघडलं. टीचर बाकावरून अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. मग माझ्याकडे न बघता आमच्या मराठीत हळूच म्हणाल्या, "मजही जायचं होतं गे. तिच्या पाठी." मग पदरानं ओठ पुसले. मला तिथेच रडू फुटलं.

अरुळला आमची मराठी येत नाही. पण त्यानं आईचा हात धरला, आणि रोसी परत येऊन दोघांच्या मध्ये बसेपर्यंत सोडला नाही.